शिश्नावर नवी शीर दिसते तेव्हा

गॅसचा सिलिंडर जिन्यावरून वर चढवला की हातावरच्या शिरा टरारून उठतात. त्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहतही नाही. पण आंघोळीच्या वेळी शिश्नाच्या वरच्या बाजूला जाडसर शीर नजरेस पडली, आणि ही कालपर्यंत नव्हती असं वाटलं, की चांगल्या धीराच्या माणसाचाही जीव टांगणीला लागतो. बायकोला सांगावं की नाही कळत नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडे जावं तर बाहेर ओळखीचे चार जण बसलेले. अशा घालमेलीत दिवस जातात, आणि त्या दिवसांत माणूस मोबाइलवर शोधत बसून कर्करोगापासून नपुंसकत्वापर्यंत सगळी भीती स्वतःला लावून घेतो.

प्रौढ माणसाच्या शरीरावर एका रात्रीत नवी शीर उगवते का? जवळजवळ कधीच नाही. शीर आधीपासून तिथेच असते. एक तर ती आता जास्त दिसू लागलेली असते, नाहीतर तिच्या आत काहीतरी घडलेलं असतं. काही वेळा तर जिला आपण शीर समजतो ती शीर नसतेच. यातलं नेमकं काय झालंय याचा बराचसा अंदाज बोटांनी चाचपून येतो. नुसतं पाहून मात्र येत नाही.

पातळ त्वचा आणि दोन थरांतल्या शिरा

पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली चरबीचा थर असतो आणि शिरा त्याखाली झाकल्या जातात. शिश्नाची त्वचा अतिशय पातळ, सैल आणि सरकणारी असते. तिच्याखाली चरबी जवळपास नसतेच. त्यामुळे तिथली शीर दिसणं हीच मुळात स्वाभाविक स्थिती आहे. काहींच्या शिश्नावर मधोमध एक ठळक शीर असते, काहींच्या दोन-तीन असतात, काहींची एका बाजूला कललेली असते. दोन माणसांच्या हातांवरच्या शिरा सारख्या नसतात, तसंच हेही.

या शिरा निळसर दिसतात म्हणून त्यांतलं रक्त निळं नसतं. ते गडद लाल असतं. प्रकाशातला लाल भाग त्वचेत खोलवर शिरतो आणि शिरेतलं रक्त त्यातला बराचसा शोषून घेतं. निळा भाग मात्र वरच्या वर परत फिरतो. आजूबाजूच्या त्वचेच्या तुलनेत शीर म्हणून निळी भासते. सावळ्या त्वचेवर हा निळेपणा कमी जाणवतो, तिथे शीर रंगापेक्षा उंचवट्यामुळे कळते.

शिश्नातल्या शिरांचे ढोबळमानाने दोन थर असतात. त्वचेच्या लगेच खाली, वरच्या बाजूने जाणारी जी शीर आपल्याला दिसते, ती त्वचेतलं आणि तिच्याखालच्या सैल थरातलं रक्त घेऊन जांघेकडे जाते आणि मांडीच्या शिरांना मिळते. दुसरी शीर एका चिवट आवरणाखाली खोलवर असते. ती आतल्या भागांतलं रक्त ओटीपोटात, प्रोस्टेट ग्रंथीभोवतीच्या शिरांच्या जाळ्याकडे नेते. ही खोल शीर बाहेरून दिसत नाही. ‘नवी शीर दिसली’ ही तक्रार जवळपास नेहमी वरच्या थरातल्या शिरेबद्दल असते.

ताठरतेच्या वेळी शिरा का फुगतात

शिश्नाच्या आत स्पंजासारख्या ऊतीचे दोन लांब कोश असतात आणि त्यांच्याभोवती एक मजबूत, पांढरट वेष्टन असतं. लैंगिक उत्तेजना आली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सूक्ष्म प्रमाणात सुटतो. त्याच्या संदेशामुळे धमन्यांच्या आणि स्पंजाच्या भिंतींतले स्नायू सैल पडतात आणि रक्त वेगाने आत येतं. शरीरात हा वायू निरोप्याचं काम करतो, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड या तिघांना १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा या नावाने प्रसिद्ध झालेली गोळी, अमेरिकेत मंजूर झाली. नायट्रिक ऑक्साइडने सुरू केलेला परिणाम लवकर विरू न देणं एवढंच ती करते.

पण आलेलं रक्त आत थांबतं कसं? सायकलचा टायर आठवा. आतली ट्यूब फुगते आणि टायरला आतून घट्ट भिडते. दोघांच्या मध्ये एखादी मऊ नळी ठेवली असती, तर ती चेपून बंद झाली असती. शिश्नात असंच घडतं. स्पंजातून रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा स्पंज आणि वेष्टन यांच्यामधून वाट काढतात. स्पंज फुगला की त्या चेपल्या जातात, रक्त आत अडकतं आणि ताठरता टिकते. त्वचेखालची शीर या सगळ्याच्या बाहेर असते. तिच्यावर तसा दाब येत नाही आणि त्या वेळी साऱ्या भागात रक्त जास्त खेळत असल्यामुळे ती फुगून ठळक होते. म्हणजे ताठरतेत शीर उठून दिसणं हे रक्तपुरवठा नीट चालल्याचंच लक्षण आहे.

शिथिल अवस्थेत या वेष्टनाची जाडी सुमारे २ मिलिमीटर असते. ताठर अवस्थेत ते ताणून अर्ध्या मिलिमीटरइतकं किंवा त्याहूनही पातळ होतं. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.

आजारपण नसताना शीर ठळक होते ती अशी

वयात येताना अवयव वाढतो, त्याबरोबर शिराही रुंदावतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना या बदलाची सर्वांत जास्त भीती वाटते आणि विचारायला त्यांना कुणीच नसतं. वजन बरंच उतरलं, व्यायामशाळेत जोर सुरू केला, उन्हाळा वाढला, गरम पाण्याने अंघोळ केली, ताठरता बराच वेळ टिकली, तरी शिरा ठळक होतात. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या काही औषधांनीही तसं होऊ शकतं. आणि पुष्कळदा शीर होती तशीच असते, आपण पहिल्यांदाच निरखून पाहिलेलं असतं.

अशा वेळी काय करावं? लंडनचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. दंडाला पट्टी बांधून फुगवलेली शीर एका बोटाने दाबायची, दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त पुढे सारायचं आणि ती कोणत्या दिशेने पुन्हा भरते ते पाहायचं, असा प्रयोग त्यात चित्रांसह दाखवला आहे. कुणालाही करता येण्याजोग्या या साध्या कृतीने शिरांमधलं रक्त हृदयाकडेच जातं हे दिसून आलं. आपल्याला इथे त्यातला पहिला भाग पुरतो. शिश्न शिथिल असताना शीर बोटाने हलकेच दाबा. निरोगी शीर मऊ लागते, दाबली की सपाट होते, बोट काढलं की भरते आणि दुखत नाही. असं असेल आणि दुसरा काही त्रास नसेल, तर ती शीर कितीही ठळक असली तरी उपचारांची गरज नाही.

शीर दोरीसारखी कडक लागली तर

बोटाखाली शीर दबत नसेल, ताणलेल्या दोरीसारखी कडक लागत असेल, तर मात्र तिच्यात रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. याला शिश्नाचा मोंडोर आजार म्हणतात. आंरी मोंडोर हे पॅरिसचे शल्यविशारद. कवी मालार्मे यांचं चरित्रही त्यांनी लिहिलं, इतका त्यांचा साहित्याचा व्यासंग होता. छातीच्या त्वचेखालच्या शिरा गुठळीमुळे अशाच कडक होतात, याचं वर्णन त्यांनी १९३९ मध्ये केलं. शिश्नावरच्या शिरेतही तेच घडतं हे १९५० च्या दशकात नोंदवलं गेलं, आणि नाव मोंडोर यांचंच राहिलं.

शिरेत गुठळी का व्हावी, याचं उत्तर जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांच्या १८५६ मधल्या कामापर्यंत मागे जातं. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्तातच गोठण्याची प्रवृत्ती जास्त असणं, या तीन गोष्टी गुठळीला कारण होतात. दीर्घ किंवा जोरकस संभोगात, तसंच हस्तमैथुनात, त्वचेलगतची शीर वारंवार ताणली आणि दाबली जाते. तिचं अस्तर दुखावतं आणि रक्त काही काळ तुंबतं. त्यामुळे हा त्रास बहुधा अशा प्रसंगानंतर एक-दोन दिवसांत लक्षात येतो. पण दरवेळी कारण तेच असतं असं समजू नये. हर्नियाचं किंवा जांघेतलं दुसरं ऑपरेशन, त्या भागाला बसलेला मार, शिश्नाच्या मुळाशी आवळून बसवलेलं कडं, ओटीपोटातली गाठ, यांमुळेही हे होऊ शकतं. काही वेळा कारण सापडतही नाही.

लक्षणं ठरावीक असतात. वरच्या बाजूला, मुळाच्या दिशेने जाणारी कडक दोरी हाताला लागते. काहींना ती अजिबात दुखत नाही, काहींना ताठरतेच्या वेळी ओढल्यासारखी दुखते. वरची त्वचा थोडी लालसर किंवा सुजलेली असू शकते. डॉक्टर बहुतेक वेळा हाताने तपासूनच ओळखतात. शंका असेल तर डॉपलर सोनोग्राफी करतात. तिच्यात रक्ताचा प्रवाह दिसतो. गुठळी असेल तर शीर दाबूनही दबत नाही आणि आत प्रवाह आढळत नाही.

उपचार साधे असतात. दुखणं थांबेपर्यंत आणि डॉक्टर सांगतील तोवर संभोग व हस्तमैथुन बंद ठेवायचं, गरज पडल्यास दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या, त्याही किडनी, जठरव्रण किंवा इतर आजार असतील तर विचारूनच. बहुतेकांची गुठळी सहा ते आठ आठवड्यांत विरते आणि शीर पुन्हा वाहती होते. रक्त पातळ करणारी औषधं क्वचितच द्यावी लागतात आणि ऑपरेशन त्याहून क्वचित. ही गुठळी त्वचेलगतच्या लहान शिरेत असते. पायाच्या खोल शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा जो धोका असतो, तसा इथे अतिशय विरळ. ताठरतेवर किंवा मूल होण्यावर कायमचा परिणाम सहसा होत नाही. मालिश करून गुठळी ‘मोकळी’ करायचा प्रयत्न मात्र कुणी करू नये. दुखावलेल्या शिरेला त्याने आणखी इजा होते.

असं पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा स्वतःला अथवा घरात कुणाला पायात वा फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल, तर रक्त गोठण्याच्या जन्मजात दोषांसाठी तपासणी करून घ्यावी. काही प्रथिनांच्या कमतरतेमुळे रक्त लवकर गोठतं, आणि ते आधीच कळलं तर पुढचे मोठे धोके टाळता येतात.

शीर वाटते, पण शीर नसते

शिश्नमण्याच्या मागच्या खाचेत, आडवी, वळणदार, टणक आणि बहुधा न दुखणारी गाठोळी दिसली, तर ती शीर नसून लसिकावाहिनी असण्याची शक्यता जास्त. ऊतींमधलं जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या या बारीक नळ्या घर्षणाने सुजतात आणि घट्ट होतात. तिच्यावरची त्वचा सहज सरकते. हीही काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पण काही जणांत तिच्यासोबत लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग सापडतो, म्हणून त्या तपासण्या करून घेणं शहाणपणाचं. सरकारी रुग्णालयांतल्या लैंगिक आजारांच्या विभागात त्या होतात.

विदर्भात लसिकावाहिन्यांना आणखी एक शत्रू आहे. क्युलेक्स डासांमुळे पसरणारा हत्तीरोगाचा जंतू याच वाहिन्यांत राहतो. पायाची सूज सगळ्यांना माहीत असते, पण पुरुषांमध्ये अंडकोशात पाणी साठणं आणि शिश्नाची त्वचा जाड होऊन सुजणं हीसुद्धा त्याची रूपं आहेत. या जंतूची पिल्लं रात्रीच्या वेळी रक्तात येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यायला रात्री दारात उभे राहतात. त्यांना परत पाठवू नये.

कडकपणा त्वचेत नसून खोल जाणवत असेल आणि ताठरतेत शिश्न एका बाजूला वाकू लागलं असेल, तर तो पेरोनी आजार असू शकतो. फ्रान्सच्या राजाचे शल्यविशारद पेरोनी यांनी १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात मघाशी सांगितलेल्या पांढऱ्या वेष्टनातच व्रणासारखा घट्ट पट्टा तयार होतो. तो भाग ताणत नाही, म्हणून अवयव त्या बाजूला वळतो. मधुमेहींमध्ये हा आजार जास्त आढळतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत दाखवलं तर उपचारांचे पर्याय अधिक असतात.

अंडकोशात शिरांचा मऊ गुंता लागत असेल तर तो व्हेरिकोसील. साधारण १०० पुरुषांपैकी १५ जणांत तो असतो आणि बहुधा डाव्या बाजूला, कारण डाव्या वृषणाची शीर किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते आणि तिथे रक्त पुढे जायला अडचण होते.

कारण दूरवर असतं तेव्हा

क्वचित शिश्नावरच्या शिरा फुगण्याचं कारण शिश्नात नसतं. ओटीपोटातल्या मोठ्या शिरेत अडथळा आला, गुठळीने किंवा बाहेरून दाबणाऱ्या गाठीने, तर रक्त परत जाण्यासाठी वरच्या शिरांची आडवाट धरतं. मग जांघेत आणि पोटाच्या खालच्या भागातही नव्या शिरा दिसू लागतात, एखादा पाय सुजतो. चाळिशीनंतर अचानक उद्भवलेला, विशेषतः उजव्या बाजूचा आणि आडवं झाल्यावरही न ओसरणारा व्हेरिकोसील असेल, तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करून किडनी पाहतात. हे विरळ आहे, पण कळायला हवं.

चौकट: थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा

* ताठर अवस्थेत ‘कट्’ असा आवाज होऊन एकदम वेदना, सूज आणि काळंनिळं होणं. ताणून पातळ झालेलं वेष्टन फाटल्याचं हे लक्षण. लवकर शस्त्रक्रिया झाली तर परिणाम चांगले मिळतात.
* चार तासांहून अधिक टिकलेली, उत्तेजनेशिवायची, दुखरी ताठरता. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपून ऊती मरू लागतात. सिकलसेल आजार असलेल्या मुलांत आणि तरुणांत हे जास्त घडतं. गडचिरोली, नंदुरबार, नागपूर अशा भागांतल्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.
* कडक शिरेसोबत ताप, पू किंवा झपाट्याने पसरणारी लाली.
* लघवी अडणं किंवा लघवीतून रक्त येणं.
* एका पायाला सूज, छातीत दुखणं, धाप लागणं.

भिंतीवरच्या जाहिराती

हा विषय इथे संपवता आला असता, पण एसटी स्टँडच्या आणि स्टेशनच्या भिंतींवरच्या जाहिराती तो संपू देत नाहीत. शिरा दिसणं म्हणजे ‘कमजोरी’, तरुणपणातल्या ‘चुकां’चं फळ, असं सांगून तेलं आणि पुड्या विकल्या जातात. हे खोटं आहे. हस्तमैथुनाने शिरा कमजोर होत नाहीत, वीर्य गेल्याने शक्ती जात नाही. ही भीती मात्र आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे, की मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या चालतात, कारण फसलेला माणूस लाजेपोटी तक्रार करत नाही. मराठीत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून १९२७ ते १९५३ या काळात हे विषय उघडपणे मांडले, त्यासाठी खटले सोसले. त्यानंतर इतक्या वर्षांनी एखाद्या मुलाने अशा तेलापायी पैसे आणि झोप घालवावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘ताकदीच्या’ पुड्यांबाबत एक गंभीर इशारा. त्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं असू शकतं. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्या माणसाने ती पुडी घेतली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो.

डॉक्टरांकडे काय सांगावं

मूत्ररोगतज्ज्ञ जवळ नसतील तर जनरल सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ ही तपासणी करू शकतात, जिल्हा रुग्णालयातही ती होते. शीर कधी दिसली, त्याआधी संभोग, व्यायाम, मार किंवा ऑपरेशन झालं होतं का, ती कडक आहे का, दुखते का, शिश्न वाकतं का आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत, एवढं स्पष्ट सांगा. ताठरतेत वाकडेपणा येत असेल तर मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांना उपयोगी पडतो. लैंगिक संबंधांबद्दल काही लपवू नका, कारण कोणत्या तपासण्या करायच्या हे त्यावर ठरतं. आणि घरात वयात आलेला मुलगा असेल, तर वडिलांनी, काकांनी किंवा मामांनी त्याला हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे भिंतीवरची जाहिरात वाचायची वेळ त्याच्यावर येणार नाही.